भाड्यानें मिळणारा अग्निबाण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून निघालेलें एक लहानसें विमान अहमदाबादमार्गें येऊन मुंबईस जुहू येथें उतरलें. विमान चालवीत होते जे. आर. डी. टाटा. आंत उतारू कोणी नव्हता; होत्या त्या टपालाच्या थैल्या. सरकारनें कंपनीस विमान बांधून दिलें नव्हतें, कीं वैमानिकहि पुरविला नव्हता. टपाल पोंचवावें आणि त्याचे पैसे घ्यावे, इतकाच काय तो व्यवहार. हिंदुस्थानांतील नागरी विमानवाहतुकीचा पाया त्या थैल्यांवर घातला गेला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यानंतर जवळ जवळ ऐंशी वर्षांनीं, २५ मे २०१२ रोजीं, तसाच एक प्रसंग पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर घडून आला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाजवळ एक पांढरें यान हळूहळू येऊन थांबलें. स्थानकावरील मंडळींनीं लांबलचक यांत्रिक हातानें तें धरलें आणि स्थानकास जोडून घेतलें. यानाचें नांव ड्रॅगन. आंत अन्न, कपडे आणि प्रयोगांचें साहित्य. तोंपर्यंत स्थानकाशीं जोडलें गेलेलें प्रत्येक यान कोणत्या ना कोणत्या सरकारच्या मालकीचें होतें. हें यान स्पेसएक्स नांवाच्या एका कंपनीचें होतें, आणि अमेरिकेची अंतराळ संस्था नासा ही त्या कंपनीची गिऱ्हाईक होती.

हें एकाएकीं घडलें असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. व्यापाराचा पाय अंतराळांत फार लवकर पडला होता. १० जुलै १९६२ रोजीं टेलस्टार हा संदेशवाहक उपग्रह आकाशांत गेला. तो अमेरिकेंतील टेलिफोनच्या कंपनीनें आपल्या प्रयोगशाळेंत बांधला होता, व तो वर नेण्याचा खर्चहि तिनेंच नासाला भरून दिला. अटलांटिक महासागरापलीकडील जिवंत चित्रें त्याच्यामुळें घरबसल्या दिसूं लागलीं. म्हणजे माल खाजगी होता. गाडी मात्र सरकारी होती. पुढें कित्येक वर्षें व्यवस्था बहुतांशीं अशीच राहिली. १९८० सालीं युरोपांत एरियनस्पेस ही उपग्रह वाहून नेण्याचा धंदा करणारी कंपनी निघाली, परंतु तिच्यामागेंहि सरकारांचेंच बळ होतें. अमेरिकेनें आपल्या स्पेस शटल यानांतून व्यापारी उपग्रह नेण्याचा सपाटा चालविला होता. पण २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सात माणसें दगावलीं, तेव्हां एका संदेशवाहक उपग्रहासाठीं सात जिवांचा धोका कां पत्करावा, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षीं शटलनें व्यापारी उपग्रह नेणें बंद करण्याचें ठरलें.

१ फेब्रुवारी २००३ रोजीं दुसरा आघात झाला. कोलंबिया यान परततांना वातावरणांत तुटून पडलें. कर्नालची कल्पना चावला त्यांत होती, आणि तो दिवस आपल्याकडील अनेक घरांत अजून विसरला गेलेला नाहीं. पुढच्या वर्षीं अमेरिकेनें जाहीर केलें कीं, स्थानकाची बांधणी पुरी झाली म्हणजे शटल निवृत्त करावयाचें. मग स्थानकाला शिधा कोण पोंचविणार? या अगदीं घरगुती प्रश्नांतून पुढचा सारा इतिहास निघाला.

येथें पैशाची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण खरी क्रांति यंत्रांत झाली त्याच्या आधीं ती करारांत झाली. सरकारी यानें बांधवून घेण्याची जुनी रीत अशी होती कीं, कंत्राटदारानें काम करावें, जो खर्च होईल तो सरकारनें द्यावा, आणि वर ठरलेला नफा द्यावा. घर बांधतांना गवंड्याशीं असा करार ज्यानें केला असेल, त्यास पुढचें कांहीं सांगावयास नको. काम लांबलें तर गवंड्याचें कांहींच बिघडत नाहीं. मालकाचें मात्र दिवाळें निघतें. चंद्रावर माणूस याच रीतीनें पोंचला हें खरें, व जें कोणी कधीं केलेलेंच नाहीं त्याची किंमत आधीं ठरविणें अशक्य असतें हेंहि खरें. परंतु पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या स्थानकावर सामान पोंचविणें हें २००६ सालीं अपूर्व कृत्य राहिलेलें नव्हतें. तें हमालीचें काम झालें होतें, आणि हमालीचा दर ठरवितां येतो.

म्हणून २००६ सालीं नासानें निराळी रीत काढली. यान कसें बांधावें हें सांगावयाचें नाहीं. काय पोंचवावयाचें तें सांगावयाचें. कामाचे टप्पे पाडावयाचे, टप्पा पुरा झाला तर ठरलेली रक्कम द्यावयाची, न झाला तर नाहीं. आणि कंपनीनें आपल्या पदरचेंहि भांडवल घातलेंच पाहिजे. आरंभीं दोन कंपन्या निवडल्या गेल्या. त्यांपैकीं एकीला भांडवल जमविणें साधलें नाहीं, तेव्हां २००७ सालीं तिच्याशीं केलेला करार मोडण्यांत आला व तिच्या जागीं ऑर्बिटल सायन्सेस ही दुसरी कंपनी घेण्यांत आली. सरकारी करार मोडतां येतो, हीच त्या क्षेत्रांत एक नवलाची गोष्ट होती.

राहिलेली कंपनी स्पेसएक्स. इलॉन मस्क यांनीं ती २००२ सालीं स्थापन केली होती, आणि तिच्याजवळ त्या वेळीं एकहि यशस्वी उड्डाण नव्हतें. पॅसिफिक महासागरांतील मार्शल बेटांपैकीं ओमेलेक नांवाच्या चिमुकल्या बेटावरून तिनें फाल्कन-१ हा लहान अग्निबाण सोडण्याचे प्रयत्न केले. मार्च २००६ मधील पहिला प्रयत्न अर्ध्या मिनिटांत आटोपला. इंधनाच्या नळीवरील एक चिमुकलें नट खाऱ्या हवेनें खाल्लें होतें. तेथून तेल गळलें, आग लागली आणि अग्निबाण समुद्रांत पडला. कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यांच्या खिडक्यांचे गज गंजले आहेत, त्यांस हें कारण पटावयास वेळ लागणार नाहीं. २००७ मधील दुसरा प्रयत्नहि कक्षेपर्यंत पोंचला नाहीं. ऑगस्ट २००८ मधील तिसऱ्या वेळीं खालचा भाग सुटल्यावरहि त्याच्या इंजिनांत थोडा जोर उरला होता, त्यामुळें तो मागून येऊन वरच्या भागावर आपटला. २८ सप्टेंबर २००८ रोजीं चौथा अग्निबाण पृथ्वीच्या कक्षेंत पोंचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नासानें कंपनीशीं बारा फेऱ्यांचा १६० कोटी डॉलरांचा करार केला.

पुढें नासानें स्वतःच एक हिशेब करून पाहिला. फाल्कन-९ हा मोठा अग्निबाण जुन्या रीतीनें बांधविला असता तर सुमारें ४०० कोटी डॉलर लागले असते, असा त्या संस्थेच्या गणितानें अंदाज निघाला. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च सुमारें ३० कोटी होता.

आतां यंत्राकडे वळूं. अंतराळांत जाणें महाग कां, याचें उत्तर सर्वसाधारण माणूस 'इंधन' असें देतो. वास्तविक इंधनाचा खर्च एकंदर खर्चाच्या मानानें अगदीं थोडा असतो. फाल्कन-९ मध्यें जळतें तें एक प्रकारचें शुद्ध केलेलें रॉकेलच, आणि त्यास जोड म्हणून द्रवरूप प्राणवायु. महाग असतें तें यंत्र, आणि तें यंत्र दर खेपेस समुद्रांत फेंकून दिलें जात असे. मुंबईहून रत्नागिरीस जाणारी आगबोट उतारू उतरवून झाल्यावर तेथेंच बुडवून टाकावी, आणि पुढच्या फेरीसाठीं माझगांवच्या गोदींत नवी बांधावी, असा तो कारभार होता. मग तिकिटाची किंमत काय होईल?

यास इलाज नव्हता असें मात्र नाहीं. इलाज अवघड होता. पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यासाठीं ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर इतका वेग लागतो. तो एका दमांत मिळत नाहीं, म्हणून अग्निबाण दोन-तीन मजल्यांचा करतात; एकाचें इंधन संपलें कीं तो सोडून द्यावयाचा आणि उरलेल्यानें पुढें जावयाचें. फाल्कन-९ ची उंची ७० मीटर, व उड्डाणाच्या वेळचें वजन सुमारें ५५० टन. त्यांत बहुतेक वजन इंधनाचें व प्राणवायूचेंच. खालच्या मजल्यांत नऊ इंजिनें असतात, आणि अर्थातच सर्वांत अधिक किंमतीचा भाग तोच. उड्डाणानंतर सुमारें अडीच मिनिटांनीं तो सुटतो. त्या वेळीं तो साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर असून त्याचा वेग ताशीं सहा ते आठ हजार किलोमीटर असतो. पूर्वीं येथेंच त्याचा अंत होई.

आतां तो अंगांतील थंड वायूच्या फवाऱ्यांनीं स्वतःला उलटा करतो, म्हणजे इंजिनांचीं तोंडें पुढें येतात. कांहीं इंजिनें पुन्हां पेटवून तो आपला वेग कमी करतो. तसें न केल्यास दाट हवेंत शिरतांना तो तापून मोडेल. मग वरच्या टोकाजवळचे जाळीदार पंख उघडतात, त्यांच्या साहाय्यानें तो दिशा धरतो, आणि अगदीं शेवटीं मधलें एक इंजिन पेटवून चार पाय पसरून खालीं उतरतो. ऐकतांना हें सोपें वाटतें. परंतु त्यांत एक मेख आहे. इंधन संपत आलेल्या त्या नळकांड्याचें वजन पंचवीस-तीस टनांचें असतें, आणि एका इंजिनाचा जोर कितीहि कमी केला तरी तो त्या वजनापेक्षां जास्तच राहतो. म्हणजे हवेंत क्षणभर थांबून, जमीन न्याहाळून, मग बेतानें पाय टेकण्याची सोय नाहीं. वेग शून्य होणें आणि उंची शून्य होणें या दोन्ही गोष्टी एकाच क्षणीं घडल्या पाहिजेत. इंजिन किंचित् उशिरां पेटलें तर तो जमिनीवर आदळतो. किंचित् लवकर पेटलें तर वेग हवेंतच संपून तो पुन्हां वर जाऊं लागतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज अंधारांत चुकला म्हणजे काय होतें, हें प्रत्येकानें अनुभविलें आहे. येथें ती पायरी दर सेकंदाला शेंकडों मीटर जवळ येत असते.

कित्येक प्रयत्न फसले. समुद्रांतील तराफ्यावर उतरूं पाहणारे अग्निबाण कलंडून फुटले. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर एक खालचा मजला उभाच्या उभा उतरला. एकदां उडालेला मजला दुसऱ्यांदां उडाला तो ३० मार्च २०१७ रोजीं. त्यानंतर तेच तेच यंत्र तीसहून अधिक वेळां वापरण्यापर्यंत मजल गेली आहे. परत येण्यापुरतें इंधन राखून ठेवावें लागतें, त्यामुळें नेतां येणाऱ्या मालांत बरीच घट होते. तरीहि हिशेब फायद्याचा राहतो.

शटलहि परत येत असे, असा आक्षेप येथें कोणी घेईल, व तो रास्त आहे. पण परत येणें निराळें आणि परत आल्याबरोबर पुन्हां जाण्यास सज्ज होणें निराळें. शटलच्या अंगावर वीस हजारांहून अधिक उष्णतारोधक फरशा होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर त्यांची तपासणी करावी लागे. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत शटलचीं १३५ उड्डाणें झालीं. फाल्कन-९ नें २०२४ या एका वर्षांतच १३० चा आंकडा ओलांडला. मात्र या आंकड्यानें दिपून जाण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, त्यांतील बहुसंख्य फेऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच स्टारलिंक उपग्रहांसाठीं होत्या. गाडीवानानें स्वतःचाच गूळ बाजारांत नेला, तरी फेऱ्या वाढतातच.

सामानानंतर माणसांची पाळी आली. २०११ मध्यें शटल बंद झाल्यापासून अमेरिकेचे अंतराळवीर रशियाच्या सोयूझ यानांत पैसे मोजून जागा घेत होते. २०१४ सालीं नासानें दोन कंपन्यांशीं ठराविक किंमतीचे करार केले: बोइंगशीं ४२० कोटी डॉलरांचा, स्पेसएक्सशीं २६० कोटींचा. जुनी, नांवाजलेली कंपनी पुढें जाईल आणि नवखी मागें राहील, असाच बहुतेकांचा होरा होता. ३० मे २०२० रोजीं स्पेसएक्सच्या यानांतून डग हर्ली व बॉब बेनकेन हे वर गेले. बोइंगचें स्टारलायनर माणसें घेऊन निघण्यास ५ जून २०२४ उजाडलें. त्यांत सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर होते. आठवड्याभराची म्हणून निघालेली ती सफर यानांतील हेलियमच्या गळतीमुळें व दिशा देणाऱ्या लहान इंजिनांच्या बिघाडामुळें लांबत गेली. यान सप्टेंबरांत रिकामें परत आणण्यांत आलें, आणि ते दोघे १८ मार्च २०२५ रोजीं, नऊ महिन्यांहून अधिक काळानंतर, ड्रॅगन यानांतून परतले. करार ठराविक किंमतीचा असल्यामुळें या कामांतील १५० कोटी डॉलरहून अधिक तोटा बोइंगच्याच अंगावर पडला, करदात्यावर नाहीं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, दोन कंपन्या ठेवल्या होत्या म्हणून दुसरें दार उघडें होतें. एकीलाच सारें काम देऊन पैसे वांचवा, असा सल्ला २०१४ मध्यें ऐकला गेला असता, आणि ती एक कंपनी तेव्हांची आवडती असती, तर काय प्रसंग ओढवला असता याचा विचार न केलेलाच बरा.

आपल्याशीं या गोष्टीचा संबंध २५ जून २०२५ रोजीं आला. त्या दिवशीं शुभांशु शुक्ला अक्सियम कंपनीच्या चौथ्या सफरीवर ड्रॅगन यानांतून निघाले आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले भारतीय झाले. १९८४ सालीं राकेश शर्मा सोव्हिएट यानांतून गेले ते दोन सरकारांच्या स्नेहामुळें. शुक्ला यांच्या जागेचे पैसे भारत सरकारनें मोजले. एक पाहुणा म्हणून गेला, दुसरा तिकीट काढून. एक्केचाळीस वर्षांत जग कोठून कोठें गेलें हें या दोन प्रवासांवरून दिसतें.

यंत्रें बनविण्याच्या कामीं मात्र आपल्याकडील खाजगी हात पूर्वींपासून गुंतलेले आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या अगदीं ओळखीचे आहेत. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत भारतीय अग्निबाणांचीं इंजिनें बनतात. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर हें साखरेचें गांव म्हणून ठाऊक असतें; त्याच गांवांत अग्निबाणांच्या मोटारींचीं प्रचंड कवचें तयार होतात. परंतु हे सारे सरकारचे कंत्राटदार. स्वतःचा अग्निबाण बांधून स्वतः सोडण्याची वाट २०२० सालच्या सरकारी निर्णयानें मोकळी झाली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. ३० मे २०२४ रोजीं चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनें आपला बाण सोडला. त्याचें नांवच 'अग्निबाण'. दोन्हीं उड्डाणें कक्षेंत जाण्यासाठीं नव्हतीं. तो पल्ला पुष्कळ लांबचा आहे.

मग अंतराळाच्या संशोधनांत व्यापाराचा वांटा नेमका किती? येथें उत्साही लेखक घोटाळा करतात. व्यापार गुरूकडे जात नाहीं, कारण गुरूवर गिऱ्हाईक नाहीं. १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं युरोपा क्लिपर हें सहा टनांचें यान गुरूच्या चंद्राकडे निघालें, तें फाल्कन हेवी या खाजगी अग्निबाणावरून. नासानें त्यासाठीं १७.८ कोटी डॉलरांचा करार केला होता. यान मात्र सरकारी पैशानेंच बांधलेलें, त्यांतील प्रश्न शास्त्रज्ञांचे, आणि २०३० मध्यें तें तेथें पोंचल्यावर मिळणारें ज्ञान साऱ्या जगाचें. युरोपचें युक्लिड हें दुर्बीणयान रशियन अग्निबाणावरून जावयाचें होतें. युक्रेनच्या युद्धामुळें तो मार्ग बंद झाला, तेव्हां जुलै २०२३ मध्यें फाल्कन-९ नें तें नेलें. गाडी वेळेवर मिळणें हेंहि विज्ञानाला मोठें साहाय्य आहे. पण गाडीवान म्हणजे संशोधक नव्हे.

चंद्राच्या बाबतींत प्रकार जरा पुढें गेला आहे. तेथें उपकरणें पोंचविण्याचेंहि काम नासानें भाड्यानें दिलें. जानेवारी २०२४ मध्यें पेरेग्रिन यान इंधन गळून वाटेंतच निकामी झालें. फेब्रुवारींत ओडिसियस उतरलें, पण कलतें होऊन पडलें; तरी चंद्रावर सावकाश उतरलेलें तें पहिलें खाजगी यान. २ मार्च २०२५ रोजीं फायरफ्लाय कंपनीचें ब्लू घोस्ट मात्र सरळ उभें उतरलें आणि तेथील एका दिवसभर, म्हणजे आपल्या चौदा दिवसांपर्यंत, काम करीत राहिलें. त्याच महिन्यांत दुसरें एक यान पुन्हां आडवें पडलें. स्वस्तांत बांधलेल्या यानांपैकीं कांहीं पडणारच, हें धरूनच हा बेत आखला होता. पण ज्या शास्त्रज्ञाचें दहा वर्षांचें उपकरण पडलेल्या यानांत असतें, त्याचें या हिशेबानें समाधान होणें कठीण.

आणि कांहीं किंमत अशी आहे कीं, ती कोणत्याच करारांत लिहिलेली नाहीं. मे २०१९ मध्यें स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकत्र सोडले गेले. आज त्यांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते. दुर्गम खेड्यांत व जहाजांवर त्यांच्यामुळें इंटरनेट पोंचलें, हा लाभ लहान नव्हे. परंतु दुर्बिणींच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटतात, व खगोलशास्त्रज्ञांची तक्रार अद्याप मिटलेली नाहीं. गर्दी वाढली म्हणजे टकरीचें भयहि वाढतें, आणि एका टकरीचे तुकडे दुसऱ्या टकरीचें कारण होऊं शकतात. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें खाजगी कंपनीच्या अंतराळांतील वर्तनाबद्दल तिच्या देशाच्या सरकारलाच जबाबदार धरलें आहे. नफा कंपनीचा, जबाबदारी राष्ट्राची, अशी ही वांटणी आहे. जून २०२५ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांशीं झालेल्या जाहीर भांडणाच्या भरांत मस्क यांनीं ड्रॅगन यानें मोडीत काढण्याची भाषा केली, आणि कांहीं तासांत ती मागें घेतली. तासांचाच प्रश्न होता; परंतु त्या वेळीं अमेरिकेजवळ माणसें स्थानकावर नेण्या-आणण्याचें चालू स्थितींतलें दुसरें यान नव्हतें.

टाटांच्या टपालविमानांपासून वाढलेली कंपनी १९५३ सालीं सरकारनें ताब्यांत घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्यें ती पुन्हां टाटांकडे गेली. अंतराळाच्या वाहतुकीचें पारडें उद्यां कोणीकडे झुकेल हें ठरलेलें नाहीं. ठरलेलें आहे तें इतकेंच कीं, १९९८ पासून आकाशांत जोडत नेलेलें तें आंतरराष्ट्रीय स्थानक आतां जुनें झालें असून २०३० नंतर तें पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागांत उतरवावयाचें आहे. चारशें टनांहून अधिक वजनाची ती वस्तु बेतानें खालीं ओढण्यासाठीं जें यान लागेल, त्याचें काम जून २०२४ मध्यें नासानें दिलें: जास्तींत जास्त ८४.३ कोटी डॉलर, कंपनी स्पेसएक्स. त्यानंतर नासाचा विचार स्वतःचें नवें स्थानक बांधण्याचा नाहीं. खाजगी कंपन्यांनीं बांधलेल्या स्थानकांत भाड्यानें जागा घेण्याचा आहे.